गावातली ज्युबिलीची खूण: शोधायची, तपासायची आणि नोंदवायची कशी

जुन्या दवाखान्याच्या भिंतीवर, वाचनालयाच्या कमानीवर किंवा बंद पडलेल्या पाणपोईवर 'ज्युबिली' असं कोरलेलं दिसलं, की 'इंग्रजांच्या काळातलं काहीतरी' म्हणून आपण पुढे जातो. ज्युबिली म्हणजे राजा किंवा राणी गादीवर आल्याला पंचवीस, पन्नास किंवा साठ वर्षं झाल्याचा उत्सव. तपास नीट क्रमाने केला, तर त्या एका शब्दावरून इमारतीचं साल, वर्गणी देणाऱ्यांची नावं आणि गावाने त्या उत्सवाकडे कसं पाहिलं, इतकं सगळं हाती लागू शकतं. खालची माहिती महाराष्ट्रातल्या खुणांसाठी आहे. विदर्भ आणि मराठवाड्यात काही गोष्टी वेगळ्या पडतात, त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत.

आधी तारखा

व्हिक्टोरिया राणी २० जून १८३७ रोजी गादीवर आली. त्या हिशेबाने सुवर्णमहोत्सव जून १८८७ मध्ये यायला हवा, आणि इंग्लंडमध्ये तो तेव्हाच झाला. हिंदुस्थानात मात्र उन्हाळा आणि पावसाळा टाळून तो १६ फेब्रुवारी १८८७, बुधवारी साजरा झाला. त्यामुळे एखाद्या फलकावर फेब्रुवारी १८८७ असेल, तर तारीख चुकली असं समजू नका. उलट, तो मूळ फलक असल्याची ती चांगली खूण आहे. नंतर कोणीतरी पुस्तकात बघून बसवलेल्या पाटीवर बहुधा जून असतो.

हीरकमहोत्सवाचा मुख्य दिवस २२ जून १८९७, मंगळवार. पंचम जॉर्जचा रौप्यमहोत्सव ६ मे १९३५, सोमवार. मराठवाड्यात याशिवाय निजाम उस्मान अली खान यांचा रौप्यमहोत्सव येतो. ते १९११ मध्ये गादीवर आले, पण उत्सव झाला फेब्रुवारी १९३७ मध्ये. त्या काळच्या निजामी कागदावर हिजरी १३५५ किंवा फसली (निजामी राज्यातलं महसुली वर्ष) १३४६ दिसेल.

शकात तारीख असेल तर सरसकट ७८ मिळवू नका. चैत्र ते डिसेंबर ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणून फेब्रुवारी १८८७ म्हणजे शके १८०८, व्यय संवत्सर. जून १८९७ म्हणजे शके १८१९, हेमलंबी संवत्सर. मे १९३५ म्हणजे शके १८५७, युवा संवत्सर. आकडा झिजून गेलेला असतो तेव्हा संवत्सराचं नाव उपयोगी पडतं, कारण तेच नाव पुन्हा यायला साठ वर्षं लागतात.

संस्थानांची ज्युबिली मोजताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते: वर्षं कुठून धरली? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये गादीवर आले आणि १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यांचा रौप्यमहोत्सव १९०७ चा, म्हणजे अधिकार मिळाल्यापासून मोजलेला. सुवर्णमहोत्सव १९२६ चा आणि हीरकमहोत्सव १९३६ चा, हे दोन्ही गादीवर आल्यापासून. बडोद्याचं कीर्ती मंदिर या हीरकमहोत्सवाच्या वेळचं. दत्तक गेलेल्या किंवा अल्पवयात गादीवर बसलेल्या प्रत्येक संस्थानिकाच्या बाबतीत हा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर पुढचा सगळा तपास पाच-सहा वर्षांनी सरकतो.

राणीचं नाव म्हणजे ज्युबिली नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. मुंबईची राणीची बाग १८६२ ची, ज्युबिलीच्या पंचवीस वर्षं आधीची. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवलेला राणीचा संगमरवरी पुतळा खंडेराव गायकवाडांनी दिला आणि तो उभा राहिला १८७२ मध्ये. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी राणीच्या सम्राज्ञीपदाची हिंदुस्थानात घोषणा झाली. तिथे 'एम्प्रेस' आहे, ज्युबिली नाही. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. साल जवळचं असल्यामुळे ती सहज ज्युबिलीच्या खात्यात टाकली जाते. गेटवे ऑफ इंडिया तर डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि मेरी राणी मुंबईला उतरले त्याचं स्मारक आहे, आणि ते खुलं झालं १९२४ मध्ये.

अमरावतीत स्त्री रुग्णालयाला आजही 'डफरिन' म्हणतात, सोलापुरात डफरिन चौक आहे. डफरिन फंड, म्हणजे स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने काढलेला निधी, १८८५ मध्ये निघाला, म्हणजे ज्युबिलीच्या आधी. अशा ठिकाणी नावावरून काहीच ठरत नाही. त्या गावातली इमारत कोणत्या पैशातून उभी राहिली, हे कागदच सांगतील.

याच्या उलटही होतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, १८८७ मध्ये सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं आणि इमारत पुरी झाली १८८८ मध्ये. म्हणजे नाव ज्युबिलीचं, पण इमारतीचा बेत आणि पैसा ज्युबिलीचा नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं वेगळं: संस्था १८८७ मध्ये 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' म्हणून सुरू झाली, पण भायखळ्याला. माटुंग्याला ती १९२३ मध्ये आली आणि १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाईंचं नाव लागलं. आद्याक्षरं तशीच राहिली. संस्था ज्युबिलीची, इमारत नंतरची.

म्हणून प्रत्येक खुणेसाठी तीन प्रश्न वेगवेगळे लिहून घ्या. संस्था कधी सुरू झाली? आज उभी असलेली इमारत कधीची? ज्युबिलीचं नाव कधी लागलं? तिन्हींचं उत्तर एकच साल निघालं तर उत्तमच, पण तसं क्वचित होतं. आणि चौथी गोष्ट विसरू नका: 'हीरकमहोत्सव' अशी पाटी त्या वाचनालयाच्या किंवा शाळेच्या स्वतःच्या साठ वर्षांचीही असू शकते. १९५० नंतरच्या पाटीवर बहुतेक वेळा तेच असतं.

फलक वाचताना

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षरं सपाट दिसतात. फलक सावलीत असेल तर हातातली विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, पंधरा-वीस अंशांच्या कोनात तिरका उजेड टाका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग वरून आणि खालून. डावीकडच्या उजेडात उभ्या रेघा उठतात, वरच्या उजेडात आडव्या. रोमन आकड्यांतला एक आय कमी-जास्त वाचला गेला तर साल बदलतं, आणि ती चूक एकाच बाजूच्या उजेडामुळे होते. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, तो समोरून पडतो आणि सगळं पुसून टाकतो.

संगमरवरी फलकावरची अक्षरं पुष्कळदा कोरून त्यात शिसं ठोकून भरलेली असतात. शिसं धरून राहावं म्हणून प्रत्येक अक्षराच्या खाचेत दोन-तीन बारीक छिद्रं पाडलेली असतात. शिसं पडून गेलं आणि खाच झिजली, तरी ही छिद्रं शिल्लक राहतात. त्यांची जागा कागदावर उतरवून शेजारच्या शाबूत अक्षरांशी ताडून पाहिली, तर गेलेलं अक्षर बऱ्याचदा ओळखता येतं. उदाहरणार्थ, ज्या अक्षराच्या जागी छिद्रं एकाच उभ्या रेषेत आहेत, ते बहुधा आय असतं.

साफसफाईचा मोह आवरा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, एवढंच. चिंच, लिंबू, ॲसिड, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. संगमरवर आम्लाने खाल्ला जातो आणि नुकसान भरून निघत नाही. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणंही नको, ते दगडाच्या सूक्ष्म भोकांत बसतं. चुन्याचे किंवा ऑइलपेंटचे थर खरवडू नका, थराखालूनही तिरक्या उजेडात बरंच दिसतं. कागदाचा ठसा घ्यायचा असेल तर इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. रेल्वे स्थानकात, रुग्णालयात आणि संरक्षित स्मारकात तिपाई लावण्याआधीही विचारावं लागतं.

किमान चार फोटो हवेत: पूर्ण इमारत, फलक असलेली भिंत, फलक अगदी समोरून, आणि तिरक्या उजेडात. एका फोटोत तीस सेंटिमीटरची पट्टी शेजारी धरा. लांबी, रुंदी, अक्षरांची उंची, फलक जमिनीपासून किती वर आहे आणि दगड कोणता (संगमरवर, काळा पाषाण, शहाबादी, की ओतीव लोखंडाची पाटी) हे तिथेच लिहा. मजकूर ओळीला ओळ उतरवा. मूळ चूक असली तरी ती दुरुस्त करू नका. पुसलेलं अक्षर अंदाजाने भरलं तर चौकटी कंसात टाका, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह द्या.

इंग्रजी आकडे रोमन पद्धतीचे असतील तर एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. मोठ्याच्या आधी लहान अक्षर आलं तर वजा, नंतर आलं तर अधिक. आद्याक्षरंही तारीख सांगतात. 'व्ही आर आय' (व्हिक्टोरिया, राणी आणि सम्राज्ञी) मधला शेवटचा आय सम्राज्ञीपदाचा आहे, त्यामुळे तो १८७६ पूर्वीच्या दगडावर सापडत नाही. 'जी आर आय' असेल तर जॉर्ज, पण पंचम की सहावा हे त्यावरून ठरत नाही. साल उडालेलं असेल तर गव्हर्नरचं नाव पाहा. १८८७ ला लॉर्ड रे, १८९७ ला लॉर्ड सँडहर्स्ट, १९३५ ला लॉर्ड ब्रेबोर्न. व्हाइसरॉय अनुक्रमे डफरिन, एल्गिन आणि विलिंग्डन. विदर्भ मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे तिथे मुंबईच्या गव्हर्नरचं नाव शोधू नका, व्हाइसरॉयचं पाहा.

कागद कुठे आणि कसे

पहिली पायरी गॅझेटिअर, म्हणजे सरकारने छापलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे बहुतेक जिल्ह्यांचे खंड पहिल्या ज्युबिलीच्या आधी छापले गेले: नाशिक १८८३, सोलापूर आणि अहमदनगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. तुमच्या गावाच्या वर्णनात ती इमारत त्या खंडात आधीच आहे, तर ती ज्युबिलीसाठी बांधलेली नाही, फार तर नंतर नाव दिलेलं. खंडात नसेल तर शक्यता वाढते. पण लहान गावांतल्या सगळ्या इमारती गॅझेटिअरमध्ये येत नाहीत, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. विदर्भाची जिल्हा गॅझेटिअरं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आणि त्यानंतरची आहेत. तिथे ही चाळणी लागत नाही, मात्र १८९७ पर्यंत काय काय उभं राहिलं होतं याचा पुरावा म्हणून ती वाचावीत.

दुसरी पायरी नगरपालिका. 'ज्युबिलीची फाइल' मागितली तर मिळत नाही म्हणून सांगतात. मागायचं ते ठरावबुक किंवा सभावृत्तांत, महिन्यांसकट: नोव्हेंबर १८८६ ते मार्च १८८७, एप्रिल ते ऑगस्ट १८९७, फेब्रुवारी ते जून १९३५. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. दाद लागत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात प्रती मागण्याऐवजी अभिलेखाची पाहणी मागा. प्रती मागितल्या की 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर सोपं पडतं. पाहणीला गेलं की शेजारच्या कपाटातलं ठरावबुक तुमचं तुम्हाला दिसतं.

वाचनालय, धर्मशाळा किंवा दवाखाना विश्वस्त संस्थेचा असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (विश्वस्त संस्थेच्या नोंदणीचा) उतारा काढा. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर कधी कधी संस्थेचं जुनं नाव तसंच राहिलेलं असतं, कारण नामांतराची नोंद करायला कोणी गेलेलंच नसतं.

तिसरी पायरी वर्तमानपत्रं. 'केसरी' त्या काळात मंगळवारी निघत असे, म्हणून १५ आणि २२ फेब्रुवारी १८८७, तसंच २२ आणि २९ जून १८९७ हे अंक आधी पाहा. सोबत 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश', 'दीनबंधू'. देशी पत्रांत काय छापून येतं याचा साप्ताहिक इंग्रजी गोषवारा सरकार करून घेत असे. तो पुराभिलेखागारात पाहता येतो आणि लहान गावच्या, आज अंकच न मिळणाऱ्या पत्रांतल्या मजकुराचा सुगावा त्यात लागतो. डिजिटल संग्रहात शोधताना ज्युबिली, ज्यूबिली, जुबिली, जुबली ही सगळी रूपं टाकून पाहा.

वर्गणीच्या यादीत आकडे 'रु. १२५-८-६' असे दिसतील. ते दशांश नव्हेत: १२५ रुपये, ८ आणे, ६ पै. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. बेरीज तपासायची तर उजवीकडून सुरू करा आणि हातचा १२ आणि १६ चा घ्या. आजच्या किमतीत रूपांतर करून लिहू नका. त्याऐवजी त्याच ठरावबुकातला एखादा मासिक पगार शेजारी ठेवा. शिपायाला महिना किती मिळत होते हे कळलं की सव्वाशे रुपयांचं वजन वाचणाऱ्याला आपोआप समजतं. यादीत आकडा सारखाच असलेली नावं सलग आली, तर वर्गणी खुशीची होती की वरून ठरवून दिलेली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आठवणी गोळा करताना

१९३५ ची ज्युबिली स्वतः पाहिलेलं माणूस आज मिळणं फार अवघड. मिळेल ती बहुतेक ऐकीव आठवण, आणि तिलाही किंमत आहे, फक्त तसं लिहायला हवं. प्रत्येक आठवणीपुढे 'स्वतः पाहिलं', 'आईवडिलांकडून ऐकलं' किंवा 'गावात म्हणतात' यांपैकी एक शेरा मारा.

'शाळेत खाऊ वाटला आणि बिल्ला दिला' ही आठवण वारंवार येते. ती १९३५ ची असेलच असं नाही. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, मराठवाड्यात त्याच वर्षी निजामाचा उत्सव होता, आणि १५ ऑगस्ट १९४७ ला तर ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. बिल्ला किंवा पदक घरात असेल तर पाहायला मागा: दाढीवाला राजा पंचम जॉर्ज, दाढी नसलेला सहावा. वस्तू नसेल तर 'राजाला दाढी होती का?' असा थेट प्रश्न टाकू नका, लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. 'चित्र कसं होतं, सांगता का आजोबा?' असं विचारा आणि गप्प बसा. काळ ठरवायला घरातल्या गोष्टींचा आधार घ्या: तेव्हा थोरल्या काकांचं लग्न झालं होतं का, कितवीत होता, गुरुजी कोण होते. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. थकलेलं माणूस प्रश्नाला जुळेल तसं उत्तर देऊ लागतं.

सोबत एखादी वस्तू न्या. १९३५ ला टपाल खात्याने काढलेल्या ज्युबिलीच्या तिकिटांत अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया होता. त्याचा मोठा करून छापलेला फोटो समोर ठेवला की बोलणं पुष्कळदा आपोआप सुरू होतं.

ज्यांनी उत्सव मानला नाही, त्यांची नोंदही याच वहीत यायला हवी. १८९७ ला दुष्काळ होता, पुण्यात प्लेग होता आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाने घरोघर झडत्या झाल्या होत्या. अशात २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत सरकारी बंगल्यावर हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. तो बंगला म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट लगेच गेला, रँड ३ जुलैला. या खुनाबद्दल दामोदर हरी चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. चिंचवडचा चापेकर वाडा आणि विद्यापीठाची इमारत ही एकाच रात्रीची दोन ठिकाणं आहेत, आणि पुण्याच्या नकाशावर ज्युबिली दाखवायची तर दोन्हींवर खूण करावी लागते. तुमच्या गावातही असं काही असू शकतं: वर्गणी नाकारलेला सावकार, ठरावाच्या विरोधात हात वर केलेला सभासद. ठरावबुकात ठराव 'बहुमताने' मंजूर असा शेरा असेल आणि 'एकमताने' नसेल, तर विरोधात कोण होतं ते शोधा.

नोंद लिहिताना

एका खुणेला एक पान पुरतं. आजचं नाव, जुनं नाव, लोकांच्या तोंडचं नाव, संस्था, इमारत आणि नामकरण यांची तीन सालं, फलकाचा मजकूर जसाच्या तसा, मापं, पैसे कुठून आले, आठवणी शेऱ्यासह, आणि प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतलं ते. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत लिहा, म्हणजे चूक मीटरभराच्या आसपास राहते. तीनच अंक ठेवले तर शंभर मीटरचा फरक पडतो आणि दाट पेठेत वेगळाच वाडा निघतो.

फलक काढून नेलेला असेल तर तो कुठे गेला याची विचारणा तिघांकडे करा: नगरपालिकेचं भांडार, इमारत रंगवणारा ठेकेदार आणि संस्थेचा जुना शिपाई. उलटा करून फरशीत किंवा पायरीला बसवलेला संगमरवर बऱ्याचदा तोच असतो. पायरीचा दगड बाकीच्यांपेक्षा पातळ आणि वेगळ्या रंगाचा दिसला तर मागची बाजू पाहण्याची परवानगी मागा. संस्थेच्या स्मरणिकेतला मजकूर मूळ पुरावा म्हणून घेऊ नका, कारण एका स्मरणिकेतली चूक पुढच्या प्रत्येक स्मरणिकेत उतरते. सगळ्यांत जुनी स्मरणिका शोधा आणि तिच्यातलं साल ठरावबुकाशी ताडून पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही सालं लिहा, ठरावबुकाचं आधी.